आठ नटांवरची पिवळी रेघ

भाऊजी, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी वरणाची बादली घेऊन फिरत होते. तिसऱ्या ओळीत दोन माणसं बसली होती, बाहेरगावची, चेहऱ्यानं ओळखीची, नावं काही मला आठवली नाहीत. एक म्हणाला, "माणूस लाखात एक होता राजेहो." दुसरा म्हणाला, "होता ना. फक्त त्या एका चाकाचं सोडलं तर." आणि मग पत्रावळ पुढं सरकवून माझ्याकडं पाहून म्हणाला, "वाढा बाई, थोडं अजून."

मी वाढलं. तोंडातून शब्द निघाला नाही. मी तुमची वहिनी, गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. तुम्हीच म्हणायचे ना, "आमच्या वहिनीचं तोंड सुरू झालं का थ्रेशर बंद ठेवलं तरी चालते." त्या तोंडानं तुमच्या तेरवीलाही तुमची बाजू घेतली नाही. पुढच्या माणसाला वरण वाढलं, त्याच्या पुढच्याला वाढलं, बादली रिकामी झाली तशी भरून आणली. म्हणून आता लिहून राहिले आहे. अकरा वर्षं जे बोलले नाही ते आता तरी नीट सांगते, आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून आले, ते पण सांगते.

ते चाक म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचं मागचं डावं. पोळा धरून तिसऱ्या दिवशी सकाळी, निंदणाच्या बाया वावरात नेताना, नाल्याच्या उतारावर ते निघालं. स्टेअरिंगवर तुम्ही होता. त्यांतल्या कुसुमबाईचा गुडघा मोडला तो कायमचा. गावानं म्हटलं, विलासनं नट आवळले नाहीत. तुम्ही म्हटलं, हो, नाही आवळले. गावासाठी गोष्ट तिथं संपली.

तुम्ही नट आवळले नाहीत, हे ऐकून ज्याला तुम्ही माहीत नाही तोच विश्वास ठेवील. रोज सकाळी मी चहाचं आधण ठेवलं की तुम्ही म्हणायचे, "होऊ द्या वहिनी, मी एक चक्कर मारून येतो." चक्कर म्हणजे कुठं गावात नाही, ट्रॅक्टरभोवती. हातात ती छोटी हातोडी आणि खांद्यावर चाकपाना. मग एकेका नटावर ठोका. घट्ट नट टण्ण वाजतो आणि ढिला बदबद वाजतो, हे मला, अकोल्याच्या मास्तराच्या मुलीला, स्वयंपाकघरात बसून कळायला लागलं होतं. मागच्या चाकांचे आठ-आठ, मग पुढची दोन. शेवटचा ठोका पडला की मी चहा गाळायची. इतक्या वर्षांत चहा कधी उकळून काळा झाला नाही की कधी कच्चा राहिला नाही.

आणि ती रेघ. तुमच्या लेकीच्या, पल्लवीच्या, चित्रकलेच्या पेटीतला बारीक ब्रश तुम्ही पळवला होता, आणि पिवळ्या ऑइलपेंटची एक डबी. नट आवळून झाला की नटावरून खाली चाकाच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ. मला बोलावून दाखवलं होतं तुम्ही. "हे पाहा वहिनी. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. पाना लावायची गरज नाही, दुरून समजते."

मी म्हटलं, "बाप्पा, नटांनाही गंध लावता तुम्ही. देवाला तर कधी लावत नाही."

तुम्ही म्हणाले, "देवाले नाही लावलं तर तो रागावत नाही."

चाक काढून परत बसवलं की त्याचे नट पहिल्या तासाभरात हमखास सैल पडतात, हेही तुम्हीच सांगितलं. थोडं चालवायचं, थांबायचं, खाली उतरायचं आणि परत आवळायचं. "नव्या सुनेसारखं असते ते. जागेवर बसायले टाइम लागते." मी म्हटलं, "नव्या सुनेला कोणी पान्यानं आवळत नाही, भाऊजी." तुम्ही लाजले आणि हातोडी घेऊन गेले. असं आपलं चालायचं. दीर-भावजयीचं जसं चालतं तसं.

आता ते वर्ष.

वैशाखात आपली शेवटची बैलजोडी विकली. सगळ्यांना पटलं होतं, एक माय सोडून. तुमची माय, माझ्या सासूबाई. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलतो, त्यावर कोमट तूप आणि हळद चोळायची आणि कानाजवळ जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. चाळीस वर्षं मायनं ते केलं होतं. त्या संध्याकाळी ती वाटीत तूप-हळद कालवून, पळसाचं पान घेऊन ओसरीवर बसली आणि समोर खांदाच नव्हता. रडली नाही. वाटीत बोट फिरवत बसून राहिली. ते मला बघवलं नाही.

मग माझं डोकं चाललं. माझ्या डोक्याचा मला फार अभिमान होता तेव्हा. मी म्हटलं, "माय, ट्रॅक्टरलाही खांदा असतो की. सगळं ओझं तर चाकावरच येतं." मायनं मान वर केली. तिला धरून मी शेडमध्ये नेलं. तुम्ही ट्रॅक्टर धुवून पुसून ठेवला होता आणि झेंडूची फुलं आणायला धामणगावला गेला होता. मी आणि मायनं मिळून मागच्या दोन्ही चाकांच्या नटांना तूप-हळद चोळली. चोळली म्हणजे लिंपली. माय खुर्चीवर बसून सांगत होती, अजून लाव, इकडं सुटलं, तिकडं लाव. तुमच्या पिवळ्या रेघा मला दिसत होत्या. पिवळ्यावर पिवळं, मी म्हटलं, चांगलंच दिसून राहिलं आहे. मग मायनं ट्रॅक्टरच्या बोनेटजवळ तोंड नेऊन आवतण दिलं आणि मला म्हणाली, "पाच दिस याले कोनी हात लावू नका. खांदा ओला आहे."

तुम्ही आले. फुलांची पिशवी हातात तशीच धरून चाकाजवळ उभे राहिले. एक क्षण तुमच्या कपाळावर आठी आली, ती मी पाहिली. मग तुम्ही मायच्या तोंडाकडं पाहिलं. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर काहीतरी होतं. तुम्ही म्हणाले, "छान केलं वहिनी."

पोळ्याच्या दोनच दिवस आधी डाव्या चाकाचं पंक्चर काढलं होतं तुम्ही. चाक काढून परत बसवलेलं होतं. ती दुसऱ्यांदा आवळायची वेळ राहून गेली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कर, त्या दिवशी कोणी कामाला जात नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि ठोक्यांची वाट पाहत उभी राहिले. ठोके आले नाहीत, भाऊजी. चहा उकळला, पुन्हा उकळला. मी खिडकीतून पाहिलं तर तुम्ही चाकाजवळ उभे होता, पाना हातात, आणि पाना लावत नव्हता. लावला असता तर हळद खरवडली गेली असती. तुम्ही पाना सीटमागं ठेवला आणि वर चढले. मी ओरडले, "चहा?" तुम्ही म्हणाले, "आल्यावर पितो."

मी म्हटलं, घाई असेल. आणि तो काळा चहा मीच पिऊन टाकला.

ट्रॉलीत खताची पोती होती, त्यामुळं बायांना दाटी झाली. कुसुमबाई सगळ्यांत मोठी, तिला ट्रॉलीत चढणं जमेना, तर तुम्ही तिला डाव्या मडगार्डवर बसू दिलं. ते तुमचं चुकलं. मी आजही म्हणते, चुकलं. तुमचाच नियम होता की मडगार्डवर कोणी बसायचं नाही, आणि म्हातारी बाई म्हणून तुम्ही तो मोडला. तुम्ही गेलात म्हणून तुमचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलेलं तुम्हाला आवडायचंही नाही.

नाल्याच्या उतारावर चाक लटलट करायला लागलं. तुम्ही ब्रेक दाबेपर्यंत ते निघून पुढं पळालं आणि ट्रॅक्टर डाव्या अंगावर बसला. कुसुमबाई खाली आली आणि तिच्या पायावर मडगार्ड. बाकीच्या बाया वाचल्या. तुम्ही एकट्यानं ते लोखंड कसं उचललं हे त्या बाया अजून सांगतात, आणि सांगून झालं की म्हणतात, पण नट आवळले असते तर उचलायची वेळच आली नसती.

कुसुमबाईला अमरावतीच्या दवाखान्यात पोहोचवून तुम्ही दुपारी परत आले. अंगणात माणसं जमली होती. पोलीस पाटील होते, कुसुमबाईचा जावई होता, तुमचे दादा म्हणजे आमचे हे मान खाली घालून बसले होते. तुम्ही नळावर हात धूत होता. आणि मी सगळ्यांच्या समोर म्हटलं, "एकच काम होतं तुमच्याकडं, भाऊजी. आठ नट. तेवढेही पाहून झाले नाहीत?"

तुम्ही नळ बंद केला. हात झटकले. म्हणाले, "नाही झाले, वहिनी."

बस. एवढंच. ट्रॅक्टर ह्यांच्या नावावर होता, म्हणून पोलिसांनी आधी ह्यांना विचारलं. तुम्ही मधेच म्हणाले, "मी चालवत होतो. पाहायचं मीच होतं. दुसऱ्याचा काही संबंध नाही." माय आतल्या खोलीत माळ ओढत बसली होती. तिला ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. पण तुम्ही बोलताना दोनदा त्या दाराकडं पाहिलं, हे मला चांगलं आठवतं. तेव्हा मला वाटलं, आईसमोर शरम वाटून राहिली आहे.

मला खरंच कळलं नव्हतं हो. वर्षभर नाही कळलं. वर्षभर मी तुमच्याशी तुटकच वागले. चहाचा कप ओट्यावर आपटून ठेवायची.

मग पुढचा पोळा आला. माय थकली होती, पण वाटी घेऊन बसलीच. मी वाटी घेऊन शेडमध्ये गेले. तुम्ही डाव्या चाकासमोर उभे होता, असे उभे की मला चाकाजवळ जाताच येऊ नये. म्हणाले, "वहिनी, औंदा बोनेटले लावा."

"कावून हो?"

"चाकाले धूळ राहते. हळद खराब होते."

एवढं म्हणून तुम्ही बाजूला झाले आणि मला चाक दिसलं. आठ नट, आठ नव्या रेघा. माझ्या हातात पिवळ्या हळदीची वाटी.  न आलेले ते ठोके मला त्या वेळी आठवले. पाना हातात घेऊन उभे असलेले तुम्ही आठवले. तुमची रेघ मी झाकली होती. तुम्ही जी हळद पुसली नाही ती माझी होती, आणि माझ्याच तोंडून तुम्हाला भर अंगणात ऐकून घ्यावं लागलं होतं. तुम्ही वर पाहत होता, शेडच्या पत्र्याकडं. मी बोनेटला हळद लावली. हळद बोनेटवरून ओघळली, ती तुम्ही तुमच्या बाहीनं पुसली.

त्याच क्षणी बोलायला पाहिजे होतं मी. माय ओसरीवर आहे, तिला कळलं तर ती जगायची नाही, अशी मी माझी समजूत घातली. माय त्याच हिवाळ्यात गेली. मग म्हटलं, दिवस होऊ द्या. मग म्हटलं, आता जुनं कशाला उकरून काढायचं. सबबी मला कधी कमी पडल्या नाहीत. तुम्ही दरवर्षी पोळ्याला बोनेट पुसून तयार ठेवायचे, मी दरवर्षी हळद लावायची, आणि आपण दोघं फुलांच्या भावावर बोलायचो.

कुसुमबाई तुमच्या ट्रॅक्टरवर परत कधी बसली नाही. तिचा गुडघा वाकत नव्हता, तरी काठी टेकत ती वावरापर्यंत पायी जायची. पहिल्या वर्षी तुम्ही रोज विचारायचे, "बसता काय, बाई?" ती रस्त्याच्या कडेला थुंकायची आणि चालू लागायची. आपल्या घरचं पाणी ती प्यायची, पण तुम्ही भरलेल्या माठातलं नाही. मग तुम्ही विचारणं बंद केलं. त्याच वर्षापासून तुमचा ट्रॅक्टर सकाळी उशिरा निघायला लागला. बाया ट्रॉलीत बसून कलकल करायच्या, आणि तुम्ही इंजिन चालू ठेवून नुसते उभे. "गरम होऊ द्या ना, बाई. थंड्या इंजिनवर लोड देत नसतात." मला वाटलं, त्या दिवसापासून हा माणूस भितो. एकदा मी पाहुण्यांच्या गाडीतून वावरात आधी पोहोचले तेव्हा समजलं. कुसुमबाई धुऱ्यावर, बांधाशी पोहोचली, पदरानं तोंड पुसलं, पाणी प्यायली, आणि पाच मिनिटांनी तुमचा ट्रॅक्टर आला. बाकीच्या बाया आधी पोहोचल्या असत्या तर त्यांनी आपापली ओळ धरली असती, आणि लंगडी म्हणून ती मागं पडली असती. म्हणून तुम्ही रोज इंजिन गरम करत होता. नाल्याजवळ तिची काठी दिसेनाशी झाली की मग गिअर टाकायचे.

आणि दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरचे नट. ते तर तुमचं वेडच झालं. धामणगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या रांगेत लागल्या की तुम्ही हातोडी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचे. कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला माणसांनी भरलेल्या ट्रॉल्या निघायच्या, तेव्हा तुम्ही गावाच्या फाट्यावर पाना घेऊन सकाळपासून उभे. स्वतः यात्रेला कधी गेले नाही. एकदा एका पोरगेल्या ड्रायव्हरनं सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, सोताचं चाक सांभाळता नाही आलं, आमाले काय शिकवता?" मी तिथंच होते. मला वाटलं तुम्ही आता पाना त्याच्या अंगावर फेकाल. तुम्ही म्हणाले, "म्हणूनच तर सांगून राहिलो, बापू. उतर खाली." तो उतरला. त्याचे दोन नट ढिले निघाले. तुम्ही आवळून दिले, रेघ मारून दिली, आणि तो गाडी घेऊन निघून गेला. मी त्या वेळी एक शब्द बोलायला पाहिजे होता. मी नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. मागच्या उन्हाळ्यात पेपरमध्ये कुठल्या तरी अपघाताची बातमी आली होती, ट्रॉलीचं चाक निघाल्याची. ओट्यावर चहा पीत आपण बसलो होतो. मी म्हटलं, एकट्या ड्रायव्हरला कशाला धरतात? गाडीचा मालक असतो, चाक बसवणारा असतो, भरमसाठ माणसं बसवणारे असतात. तुम्ही म्हणाले, "तसं नसते वहिनी. चाकाले ज्याचा शेवटचा हात लागला, जबाबदारी त्याची. बाकी सब बहाने."

मी म्हटलं, "आणि शेवटचा हात भलत्याचाच लागला असला तर?"

एवढं बोलायला मला अकरा वर्षं लागली होती. तुम्ही माझ्याकडं पाहिलं. कपातला चहा हलवत राहिले. मग म्हणाले, "शेवटी तर मीच उभा होतो ना चाकाजवळ. पाना हातातच होता." आणि थोडं थांबून म्हणाले, "साखर कमी आहे वहिनी आज."

मी उठले आणि साखर आणायला गेले. साखर कमी नव्हती. डब्याचं झाकण धरून मी आत उभी राहिले, आणि बाहेर आले तेव्हा तुम्ही ट्रॅक्टरकडं निघून गेला होता. भाऊजी, त्यावर माझं म्हणणं अजून तेच आहे. पाना तुमच्या हातात होता हे खरं, पण तुमचा हात अडवला होता मी. तुम्ही असता तर या वेळी मी साखर आणायला उठले नसते.

अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी सगळं बोलायचं ठरवून गेले होते. शोभाला, तुमच्या बायकोला, म्हटलं, तू जरा चहा घेऊन ये, मी बसते. ती गेली. मी तुमचा हात धरला. तुम्ही डोळे उघडले आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाले, "वहिनी, निंदणं सुरू झालं असंल. पल्लवीले सांगजा, मागच्या डाव्या चाकाचे नट पाहूनच काढजो म्हणा गाडी." मी म्हटलं, सांगते. तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, उठल्यावर बोलू.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी शोभाला आणि ह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आता याचा काय उपयोग?" शोभा उठून शेडमध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मले बी नाही सांगतलं त्याहीनं. मी बी त्याहीले बोलली होती, जाऊबाई. लय बोलली होती." मग आम्ही दोघी रडलो. तुमच्यासाठी तशी मी त्याआधी रडलेच नव्हते.

दुपारी मी कुसुमबाईच्या घरी गेले. ती दारात बाजेवर बसली होती, पाय समोर सरळ, मांडीवर सूप, तूर निवडत होती. मी जमिनीवर बसले. ती म्हणाली, "वर बसा, बाई." मी म्हटलं, "नाही. आधी ऐका." आणि सांगितलं. बैल विकल्यापासून. मायची वाटी, पळसाचं पान, पाच दिवस, न आलेले ठोके, अंगणातलं माझं बोलणं. काही झाकलं नाही. मडगार्डवर बसवलं ती चूक तुमची, हेही सांगितलं.

तिचा हात सुपात थांबला होता. तिनं रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "बारा वर्स मी त्या मानसाले पान्यात पाह्यलं. त्याच्या मयतीले आली नाही मी. मानूस मेला तरी माह्या मनात होतं, भोगलं यानं."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"अन् तुमी रोज वावरात येऊन मले पुसत होत्या, कुसुमबाई, भाकर खाल्ली काय."

"हो."

"मले त्यायची माफी मांगाची आहे," ती म्हणाली. "आता कोनाजवळ मांगू, सांगा."

मी म्हटलं, "मला माफ करा असं म्हणायला आले होते."

"तुमाले नाही करत," ती म्हणाली. सरळ म्हणाली, राग न आणता. "आज नाही करत. जा तुमी घरी." आणि पुन्हा तूर निवडायला लागली. मी उठले. तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, हे मला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर माझं नाव निघत होतं. निघू दे. इतकी वर्षं तुमचं निघालं.

काल सोमवार. निंदणाच्या बाया सकाळीच शेडसमोर जमल्या. माझ्याकडं कोणी पाहत नव्हतं, आणि पाहिलं तरी बोलत नव्हतं. पल्लवी चाकांभोवती फिरत होती, तुमचा पाना खांद्यावर. तुमच्यासारखीच एक खांदा पाडून चालते. मी आत आधण ठेवलं होतं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. कुसुमबाई. नेहमी ती बाकीच्यांच्या आधीच परस्पर वावराकडं निघून गेलेली असते. काल ती शेडमध्ये आली, माझ्यावरून नजर फिरवली आणि डाव्या चाकासमोर जाऊन उभी राहिली.

"रेघ कोनती, दाखव," ती पल्लवीला म्हणाली.

पल्लवीनं एकेका नटावर बोट ठेवून आठही दाखवल्या. कुसुमबाईला वाकता येत नाही, म्हणून तिनं काठीचं टोक एकेका रेघेवर टेकवलं आणि नीट पाहिलं. मग म्हणाली, "वाजवून दाखव." पल्लवीनं हातोडी घेतली. टण्ण. टण्ण. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आठही घट्ट वाजले. आठव्या ठोक्याला कुसुमबाईनं काठी ट्रॉलीत टाकली, दोन बायांनी वरून हात दिला, एकीनं खालून आधार दिला, आणि ती चढली. तिचा पाय सरळ ठेवता यावा म्हणून बायांनी जागा केली. 

पल्लवीनं ट्रॅक्टर चालू केला आणि सवयीनं तशीच बसून राहिली, नाल्याच्या वाटेकडं पाहत. तुम्ही तिला तेच शिकवलं होतं, का ते न सांगता. इंजिन धडधडत राहिलं. शेवटी मागून कुसुमबाईचा आवाज आला.

"कोनासाठी थांबून राहिली वं पोरी? मी बसली ना."

पल्लवीनं गिअर टाकला.